तू जिला अक्का म्हणतेस

६ जानेवारी

भिंगरीस,

आशीर्वाद लिहीत नाही. ते द्यायला हल्ली तुझ्याकडे दुसरी माणसं आहेत.

तुझा निरोप मिळाला. "ताई, फोन करू नकोस. तू बोलायला लागलीस की मला तुला थांबवता येत नाही. काही सांगायचं असेल तर लिही. कागद मिटता तरी येतो." वाक्य चांगलं आहे. एरवी मी ते भाषणात वापरलं असतं. बघ, लगेच आठी पडली तुझ्या कपाळावर. नाही वापरणार.

पण ते एक भाषण म्हणजे माझा जन्मभराचा गुन्हा, हे मला अजिबात मान्य नाही. आमच्या कामगार संघटनेच्या सभेत दारूवर बोलताना मी एवढंच म्हणाले की माझ्या ओळखीची एक मुलगी चष्म्याच्या काचा घासते, आणि ज्या हातांनी ती दुसऱ्यांना नजर देते ते हात सकाळी घोट घेतल्याशिवाय स्थिर होत नाहीत. सभा रडली. मी नाव घेतलं नव्हतं. आता या शहरात काचा घासणाऱ्या मुली किती आणि त्यांतल्या माझ्या बहिणी किती, हा विचार व्यासपीठावर सुचत नाही. दुसऱ्या दिवशी तुझ्या मालकाने गिऱ्हाइकांदेखत तुला "हात पुढे कर बघू" म्हटलं, त्यात दोष त्या मालकाचा. संध्याकाळी तू बॅग भरलीस. मी दारात उभी राहून सांगत होते की व्यसन हा आजार आहे, त्यात लाज कसली. आणि माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तू जिना उतरलीस. मुद्दा माझाच बरोबर होता.

उपचार घेतेस हे उत्तम. दिवसा कामावर जायचं, संध्याकाळी टायरच्या दुकानावरच्या त्या व्यसनमुक्ती केंद्रात तीन तास गटात बसायचं आणि रात्री घरी झोपायचं, हे मला पटतं. माणसाला कोंडून बरं करता येतं यावर माझा विश्वास नाही. तुझ्या उदासीवरच्या गोळ्या आणि दारूवरचा इलाज एकाच ठिकाणी, हेही शहाणपणाचं. पटत नाही ते एकच. रात्री "घरी" म्हणजे कोणाच्या? माझं घर तिथून हाकेच्या अंतरावर आहे. आणि तू राहतेस कुठे, तर तुझ्याच गटातल्या एका बस चालवणाऱ्या बाईच्या मागच्या खोलीत! केंद्रातल्या मॅडमनाही हे फारसं पसंत नाही म्हणे. त्या मॅडमबद्दल माझं मत तेवढ्यापुरतं बरं झालं.

तुझे भाऊजी तुला स्वेटर द्यायला आले होते ना, त्यांनी येऊन सगळं सांगितलं. घर नीटनेटकं आहे, बाई गडगडाटी हसते आणि तू तिला अक्का म्हणतेस.

अक्का.

भिंगरे, आई गेली तेव्हा तुला बुटांची नाडी बांधता येत नव्हती. ती मी बांधली. थोरल्या बहिणीची जागा रिकामी आहे अशी जाहिरात मी कुठे दिल्याचं मला आठवत नाही.

ताई (अजून आहे)


१९ जानेवारी

भिंगरीस,

तू उत्तर दिलं नाहीस. म्हणून मी केंद्रात फोन केला. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी मीच सांगते.

मी म्हटलं, "माझी बहीण तुमच्याकडे येते, तिच्याबद्दल विचारायचं होतं."

मॅडम म्हणाल्या, "अशी कोणी इथे येते की नाही, हे मला सांगता येणार नाही."

"अहो, मी अजून नावही सांगितलं नाही."

"मग तर अजिबातच नाही."

आवाज इतका गोड की भांडायला कुठे पकडच मिळेना. मी मोठमोठ्या कंपन्यांचे मालक घाम पुसत उठलेले पाहिलेत, आणि या बाईने मला दोन वाक्यांत जिन्याखाली उतरवलं. शेवटी म्हणाल्या, घरच्यांसाठी शनिवारची बैठक असते, पण तिथे येणाऱ्याला गटातल्या माणसाने स्वतः बोलवावं लागतं. मला कोणी बोलावलेलं नाही, हे त्यांना माहीत होतं. आवाजावरून कळलं.

मग मी बसमध्ये बसले. तिच्या.

चालकाच्या मागच्याच सीटवर बसले. वर पाटी: गाडी चालू असताना चालकाशी बोलू नये. बोलले नाही. शेवटच्या थांब्यापर्यंत तिच्या मानेकडे बघत राहिले. गाडी रिकामी झाली, तिने इंजिन बंद केलं, थर्मासमधला चहा झाकणात ओतला आणि मागे न वळता म्हणाली, "ताई ना तुम्ही? मघापासून आरशात बघतेय. तिकीट तपासनीससुद्धा असे डोळे वटारत नाही हो."

"मला माझ्या बहिणीबद्दल बोलायचंय."

"मग नको. गटातलं गटात."

"गटातलं नाही विचारत. जेवते का नीट?"

"जेवते. माझ्या हाताला मीठ कमी म्हणून नाक मुरडते, पण जेवते."

"झोप?"

"घोरते."

"ती घोरत नाही."

"तुमच्याकडे घोरत नसेल. इथे भिंत हादरते."

तू माझ्या घरी कधीच घोरली नाहीस, भिंगरे. माझ्या घरी तू कान जागे ठेवून झोपायचीस. मला वाटायचं तुझी झोपच हलकी आहे.

मग विचारायचं नव्हतं ते विचारलं. तुमच्यात म्हणे प्रत्येकाने एक माणूस ठरवायचं असतं. प्यायची लाट आली की हात बाटलीकडे जायच्या आधी ज्याला फोन करायचा ते माणूस. पहिला फोन. भाऊजी हेही सांगून गेले होते. मी म्हटलं, "तिचा पहिला फोन तुम्हाला येतो?"

"येतो."

"मग तुम्ही तिला काय सांगता?"

मला वाटलं, आता काहीतरी थोर ऐकायला मिळणार. बाई चहा फुंकत म्हणाली, "मी काय सांगणार? मलाच प्यावंसं वाटत असतं. ती म्हणते, अक्का, फार वाटतंय गं. मी म्हणते, मलापण. मग आम्ही लाट ओसरेपर्यंत कोणाची तरी उणीदुणी काढत बसतो."

"कोणाची?"

"जास्त करून तुमची. विषय मोठा आहे, वेळ बरा जातो."

आणि हसली. भाऊजी म्हणाले होते तसंच.

वर्षानुवर्षं मी तुझ्यासाठी रात्रंदिवस पुस्तकं वाचली. मेंदूवरची, मनावरची, गरिबीवरची. तुझ्या दुकानात फोन करून तापाची कारणं दिली, तुझ्या गोळ्या कुलपात ठेवल्या, किल्ली गळ्यात घातली. आणि तुला हवं होतं काय, तर कोणीतरी "मलापण" म्हणणारं. ते मला कसं म्हणता येणार? मी कधी प्यायलेच नाही. तेवढ्यापुरती मी कमी पडले.

येताना दुसऱ्या बसने आले.

ताई


२ फेब्रुवारी

भिंगरीस,

आज बसच्या आगारातून संघटनेकडे तिची फाईल आली. काय झालं ते तुला माझ्या आधीपासून माहीत आहे, तरी लिहिते, म्हणजे मला किती माहीत आहे ते तुला कळेल.

शेजारच्या घरी कोणीतरी निवृत्त झालं म्हणून मेजवानी होती, आणि तुझी अक्का तिथे प्यायली. दुसऱ्या दिवशी आगारात ड्यूटीआधी नळीत फुंकायचं असतं, तिथे लाल दिवा लागला. तिला कंपनीने ठेवलं होतं तेच मुळी या अटीवर: उपचार पुरे कर, मध्ये घसरलीस तर चौकशी, आणि चौकशीत दोषी ठरलीस तर घरी. त्या अटीतला "उपचार" हा शब्द आमच्या संघटनेने घालायला लावला. आधी सरळ बडतर्फी होती. संपाच्या धमकीवर आम्ही तो शब्द मिळवला, आणि त्या दिवशी मी फाटकावर जे बोलले ते लोक अजून सांगतात. म्हणजे त्या बाईला तुझ्या शेजारच्या खुर्चीत मीच नेऊन बसवलं म्हणायचं. नशीब टिंगल करतं ते असं.

आता खरं लिहिते. फाईल वाचून मला आनंद झाला.

आधी चोरटा झाला, मग चांगला पोटभर झाला. मनात म्हटलं, घ्या तुमची अक्का! जिचा हात धरलास तीच बुडाली. आता येशील. जिना चढून येशील, आणि मी एक शब्द बोलणार नाही, फक्त दार उघडेन. तुझ्या खोलीतल्या उशीचा अभ्रासुद्धा बदलला.

तू आली नाहीस. तू काय केलंस ते भाऊजींकडून कळलं. तू तिच्या उशाशी बसलीस, दुसऱ्या संध्याकाळी तिला हाताला धरून गटात घेऊन गेलीस, आणि तिने सगळ्यांसमोर सांगितलं तेव्हा तिच्या शेजारून हलली नाहीस.

माझ्या घरात कोणी पडलं असतं तर मी त्याला उचललं असतं, आणि उचलताना दहा गोष्टी ऐकवल्या असत्या. तू कोणाकडून शिकलीस गप्प राहून उचलायला? माझ्याकडून नक्की नाही.

फाईल मी धाकट्या सहकाऱ्याकडे सरकवली. भाऊजी म्हणाले, "व्यवस्थापनावर चिडलीस की तू दोन घास जास्त जेवतेस. आज ताट तसंच आहे. कोणावर चिडलीस?"

मी म्हटलं, मीठ कमी आहे.

ताई


५ फेब्रुवारी

भिंगरे,

काल कार्यालयात ती स्वतः आली. सहकाऱ्याला म्हणाली, "तुम्ही चांगले आहात हो दादा, पण मला ताईच हव्यात."

मी विचारलं, "का? मी तुमची काही चाहती नाही."

"माहितीय. तुम्ही माझ्यावर जळता. जळणारं माणूस तयारी चांगली करतं. उद्या कोणी म्हणायला नको, बहिणीच्या मैत्रिणीचं काम वाऱ्यावर सोडलं."

मला त्या बाईचा राग येतो आणि हसूही येतं. दोन्ही एकदम आलं की मला फार त्रास होतो.

फाईल मी परत घेतली. सगळा मामला एका गोष्टीवर आहे. पर्यवेक्षकाने लिहिलंय, "नेहमीच्या तपासणीत मद्यप्राशन आढळले." ती म्हणते, आढळलं नाही, मी जाऊन सांगितलं. तिची पाळी दुपारची होती. दुपारपर्यंत वास जाईल, आपण गप्प राहू आणि चाकामागे बसू, या भीतीने ती सकाळीच आगारात गेली आणि म्हणाली, मला फुंकायला द्या, आज मी गाडी घेणार नाही. पकडलेली बाई घरी जाते. स्वतःहून आलेली बाई वाचते. कायदा सरळ आहे.

साक्षीदार कोण? तर म्हणे फाटकापर्यंत सोडायला बरोबर कोणीतरी होतं, आणि आतलं बोलणं खिडकीतून त्याने ऐकलं. मी विचारलं, कोण. ती उठून चपला घालायला लागली. मग संध्याकाळी तुझा निरोप आला. कित्येक आठवड्यांनी तुझे शब्द, आणि ते हे: "ताई, मी होते. मी साक्ष देते. कोण, कुठली, अक्काला कशी ओळखते, सगळं सांगीन. माझं नाव लिहू दे."

तुझं नाव लिहू दे!

मी तुझं नाव न घेता एक वाक्य बोलले तर तू माझं घर सोडलंस. आणि तिच्यासाठी तू आगाराच्या चौकशीत, लेखनिकासमोर, कंपनीच्या वकिलासमोर उभी राहणार, मीसुद्धा त्याच गटातली, मीसुद्धा पिणारी, असं सांगणार? तिच्यासाठी लाज सोडणार? माझ्यासाठी काय सोडलंस तू? माझ्यासाठी त्या शनिवारच्या बैठकीतली एक खुर्ची सोडली नाहीस.

हे पत्र टाकू नये असं वाटतंय. टाकतेय.


१२ फेब्रुवारी

भिंगरीस,

निकाल तुला फाटकाबाहेरच कळला. आत काय झालं ते लिहिते, कारण तू मला तिथे एक प्रश्न विचारलास आणि चारचौघांत मला उत्तर देता आलं नाही.

खोली लहान, खिडकीला जाळी, मध्ये लांब टेबल. चौकशी अधिकारी चांगला माणूस, पण डोळ्यांत झोप. तुझी अक्का माझ्या शेजारी. गणवेश इस्त्रीचा, हात मांडीखाली दाबलेले. ते थरथरत होते. मला ते हात ओळखीचे वाटले, आणि मला ते आवडलं नाही.

माझ्याकडे दोन हत्यारं होती. पहिलं, तू. तू बाहेर बाकावर बसली होतीस. हाक मारायचा अवकाश, पाच मिनिटांत काम फत्ते. दुसरं, माझी जीभ. काचा घासणाऱ्या मुलीचा आणि बस चालवणाऱ्या बाईचा तो पहिला फोन, "मलापण" हा एक शब्द. भिंगरे, मी हे सांगितलं असतं तर कंपनीच्या वकिलाने चष्मा काढून पुसला असता. वाक्यं तयार होती. घशापर्यंत आली होती. अधिकारी म्हणाला, "बचाव पक्षाचे साक्षीदार?"

मी म्हटलं, "नाहीत."

तुझ्या अक्काने माझ्याकडे असं पाहिलं, की संपलं, जळणाऱ्या बाईने बुडवलं.

मी पर्यवेक्षकाला प्रश्न विचारायची परवानगी मागितली.

"साहेब, ते फुंकायचं यंत्र कुठे असतं?"

"कपाटात."

"कपाटाला कुलूप?"

"असतं ना. महागाची वस्तू आहे."

"किल्ली?"

"माझ्याकडेच असते."

"कपाट कधी उघडता?"

"पाळी सुरू होताना. सकाळची पाळी निघाली की बंद, मग दुपारी पुन्हा."

"म्हणजे सकाळच्या गाड्या गेल्यावर कुलूप."

"हो."

"या बाई आल्या तेव्हा सकाळच्या गाड्या?"

"गेल्या होत्या."

"मग कुलूप होतं."

"होतं."

"मग कपाट का उघडलंत?"

"का म्हणजे? त्यांनीच सांगितलं ना, उघडा म्हणून…"

त्याचं वाक्य तिथेच लोंबकळलं. अधिकाऱ्याची झोप उडाली. तो लेखनिकाला म्हणाला, "हे शब्द जसेच्या तसे घ्या." कंपनीचा वकील पर्यवेक्षकाकडे बघत होता, म्हशीने दुधाची कासंडी लाथाडल्यावर धनी बघतो तसा.

मी खाली बसले. भिंगरे, मी भाषण केलं नाही! बावीस ओळींचा समारोप खिशात होता. अधिकाऱ्याने दोनदा विचारलं, "आणखी काही म्हणायचंय?" मी दोनदा नाही म्हटलं. दुसऱ्या वेळी भाऊजी असते तर त्यांनी माझा ताप बघितला असता.

नोकरी राहिली. उपचार पुरे होईपर्यंत चाक नाही, गाड्या धुवायच्या. हे ऐकून ती बाई टेबलावर डोकं ठेवून रडली, आणि रडता रडता मला म्हणाली, "धुण्याचं पाणी गार असतं हो तिथलं, त्याचं बघा संघटनेतून." अशी आहे तुझी अक्का.

मग आम्ही बाहेर आलो, आणि तू उठून धावलीस. माझ्या दिशेने धावलीस म्हणून क्षणभर माझे हात जरा वर झाले. तू पाहिलं नसशील. तू तिच्या गळ्यात पडलीस. मी फाईल दुसऱ्या काखेत घेतली.

मग तू विचारलंस, "ताई, मला का नाही बोलावलंस?"

उत्तर हे आहे. त्या खोलीत, त्या लोकांच्या तोंडी तुझं नाव मला नको होतं. ते लेखनिकाने लिहिलं असतं, वकिलाने उच्चारलं असतं, आगारात फिरलं असतं, आणि तुझ्या दुकानात पुन्हा कोणीतरी म्हटलं असतं, हात पुढे कर बघू.

हे खरं आहे. पण एवढंच लिहून थांबले तर ते भाषण होईल. दुसरंही खरं आहे. तू तिच्यासाठी उभी राहिलेली मला बघवली नसती. माझं पाऊल नेमकं कोणत्या कारणाने थांबलं ते मला माहीत नाही. तुमच्या गटात कोणाला माहीत असेल तर विचार. ती बाई मात्र सुटली, आणि तिला मीच सोडवलं, त्यामुळे आता तिच्याबद्दल वाईट बोलायचीही सोय राहिली नाही.

ताई


१५ फेब्रुवारी

भिंगरीस,

तुझं पत्र आलं. पत्र! निरोप नव्हे. अक्षर पुन्हा सरळ रेषेत उतरायला लागलंय. याबद्दल काही बोलणार नाही, कारण तू म्हणशील ताईने लगेच मोजमाप काढलं.

शनिवारी येते.

अटी वाचल्या. गोलात बसायचं. तू बोलशील तेव्हा मध्ये बोलायचं नाही. तुझं झाल्यावरही सल्ला द्यायचा नाही, उदाहरण द्यायचं नाही, पुस्तकातलं काही सांगायचं नाही. रडू आलं तर रडायचं, पण त्यावर बोलायचं नाही. तिथे ऐकलेलं कुठल्याही सभेत, कुठल्याही मुलीचं म्हणून, कधीही सांगायचं नाही. ही शेवटची अट मॅडमच्या यादीतली वाटत नाही, तुझी वाटते. मान्य. सगळ्या मान्य. भाऊजी म्हणतात, मला तोंड बांधून पाठवावं लागेल. मी म्हटलं, चौकशीतल्यासारखी बसेन. ते म्हणाले, तिथे निदान प्रश्न विचारता येत होते.

तू लिहिलंयस, पहिला फोन अक्कालाच राहील, तो बदलायचा नाही. मी मागितला नव्हता. मनात मागितला होता, तो तुला ऐकू गेला असेल. राहू दे तिच्याकडे.

जळते मी अजून. ते शनिवारपर्यंत जाणार नाही, आणि खोटं हसून तुझ्या गटात बसायला मला जमणार नाही. ती तुझ्या उजवीकडे बसते असं तू लिहिलंस. बसू दे.

डावीकडे कोण बसतं, तेवढं कळव.

ताई